दाराला काटक्या, फॉर्मवर ‘गैरहजर’

‘पाड्यावरचे पालकच उदासीन, म्हणून मुलं अंगणवाडीत येत नाहीत’ हे आदिवासी पाड्यांवरच्या अंगणवाड्यांबद्दलच्या तुमच्या लेखातलं वाक्य फार खटकलं. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात बारा वर्षं अंगणवाडी सेविका होते. दिवाळी झाली की निम्मा पाडा लेकरांसकट गुजरातला ऊसतोडीला जातो, परततो तो होळीला. आणि आमच्याकडे सर्व्हे व्हायचा जानेवारीत! घर बंद म्हणून दाराला काटक्या लावलेल्या, ओट्यावर म्हातारी एकटीच. तिला फक्त पावरी ही आदिवासी बोली येते, फॉर्म मराठीत. ‘गैरहजर’ लिहिलं की झालं काम. ही उदासीनता कुणाची?

लोकांमध्ये राहून अभ्यास करा आणि मग योजना आखा, हे लेखात म्हटलंय ते मात्र अगदी खरं. एक विद्यार्थिनी आमच्या पाड्यावर तीन महिने राहिली होती. घरं टेकड्या-टेकड्यांवर विखुरलेली, धाकट्याला कडेवर घेऊन येणार ती मोठी बहीण, आणि आम्ही आहार वाटायचो तेव्हा ती शेळ्या चारायला गेलेली असायची. हे तिने बघून वहीत टिपलं. मी आहाराची वेळ दोन तास पुढे ढकलली, मुलं यायला लागली. तिची ती वही वरच्या कार्यालयातून कधी कुणी मागितली नाही.