ताटामागे वीस रुपये

मुलीचं लग्न ठरलं, अभिनंदन! पत्रिका जुळली, कार्यालय मिळालं, आता राहिली केटररशी बोलणी. या कामाला घरातला सगळ्यात कसलेला माणूस पाठवा. बहुतेक घरांत हा मान मुलीच्या आत्याच्या यजमानांकडे जातो. चाळीस वर्षं भाजीवालीकडून फुकट कोथिंबीर मिळवून त्यांनी जी साधना केलेली असते, तिचं चीज करण्याचा हाच दिवस.

केटरर म्हणेल, ताटाला साडेचारशे. आपण म्हणायचं, चारशे तीस. तो पदार्थ मोजून दाखवेल: मसालेभात, मठ्ठा, जिलेबी, सुरळीची वडी, दोन भाज्या, पुरी, चटणी-कोशिंबीर. एकही पदार्थ कमी करू द्यायचा नाही. तुपाचा भाव सांगेल, पनीरचा सांगेल, गॅसच्या टाकीचा सांगेल. शांतपणे ऐका, मान डोलवा आणि पुन्हा म्हणा, चारशे तीस. शेवटी तो कपाळाला हात लावून 'तुमच्यासाठी म्हणून' असं म्हणेल आणि चहा येईल.

चहा पिताना मनाशी एक हिशोब करून पाहा. मोठ्यानं करू नका, चहा बेचव होतो. हे वीस रुपये आले कुठून? तूपवाला सोडणार नाही, त्याला तुमची मुलगी कोण हे ठाऊक नाही. गॅसची कंपनी कुणाचं ऐकत नाही. वांगी, टोमॅटो आणि फरसबीचा भाव पहाटे मार्केट यार्डात ठरतो, तिथे आत्याचे यजमान जात नाहीत. सगळ्या यादीत ओढली तर ताणते अशी एकच गोष्ट असते, आणि ती यादीत लिहिलेलीच नसते. 600 पानांचे 20 रुपयांप्रमाणे 12,000 झाले. वीस पानांमागे एक वाढपी धरला तर तीस पोरं. माणशी 400. अक्षता पडायच्या आधीच तीस जणांच्या खिशातून चारशे-चारशे रुपये निघाले आणि तुम्ही खुर्चीवरून उठलासुद्धा नाहीत! यजमानांचा आहेर जरा चांगला करा.

कुणी म्हणेल, पण ती पोरं केटररची, त्याचं तो बघेल. अगदी बरोबर, असंच म्हणत राहा. केटररला विचारलंत तर तो सांगेल, पोरं मुकादमाची. मुकादमाला विचारलंत तर तो फोन दाखवेल. आदल्या रात्री त्यानं ग्रुपवर टाकलेलं असतं: 'उद्या तीस पोरं, काळी पँट, काळे बूट, दाढी करून, सकाळी सात.' नावं नाहीत, आकडा आहे. तीस अंगठे वर आले की भरती संपली. दह्या-दुधाचं काम करायला अन्न सुरक्षेचा परवाना लागतो, त्याचा नंबर केटररच्या कार्डावर छापलेला असतो. वाढप्याचा नंबर कुठेच छापलेला नसतो. म्हणून कढईतलं तेल कुणाच्या हातावर उडालं तर घाबरू नका. तो मुकादमाचा नाही, केटररचा नाही, कार्यालयाचा नाही आणि तुमचा तर नाहीच. कार्यालयातल्या प्रथमोपचाराच्या पेटीला कुलूप असतं आणि किल्ली मॅनेजरकडे असते. तोवर टूथपेस्ट लावतात.

कायद्याचं म्हणाल तर तो आहे, आणि भरपूर आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ तास काम, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि जादा वेळेला दुप्पट दर लिहिला होता. 2025 च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळानं नवाचे दहा तास करायला मंजुरी दिली, तेव्हा बरीच ओरड झाली. केटरिंगची पोरं त्या ओरडीत नव्हती. सकाळी सातला उपम्याचे टोप उतरवायचे आणि रात्री एकला रिसेप्शनच्या खुर्च्यांची कव्हरं काढायची, त्यांना दहा तास म्हणजे अर्धी सुट्टीच वाटली असणार. शेवटची बस गेली तर तीच कव्हरं अंथरून झोपता येतं. शिवाय भाडं वाचतं. हा मुद्दा पुढच्या वेळी दर पाडताना मांडून बघा.

मी स्वतः कॉलेजात असताना दोन उन्हाळे केटरिंगला गेलो आहे. त्यामुळे हा सल्ला ऐकीव नाही. पहिल्या दिवशी मुकादमानं आदल्या लग्नातलं ओलं जॅकेट माझ्या अंगावर चढवलं आणि सांगितलं, ग्लास फुटला तर पैसे कापणार. त्या दिवशी दोन ग्लास फुटले. एक माझ्या हातून आणि एक नवरदेवाच्या मित्राच्या हातून. कापले माझेच, दोन्हींचे. आपल्याकडे पाहुण्याचा ग्लास हिशोबात धरत नाहीत. अतिथी देवो भव.

आता जेवणाचं. आग्रह ही आपली संस्कृती आहे, तेव्हा 'अहो एक तरी घ्या' असं म्हणणारा पोरगा हसतमुख असायला हवा. तो सकाळपासून उपाशी असला की आग्रहात एक वेगळीच आर्तता येते. त्याला शेवटच्या पंगतीनंतर जेवू द्यावं. मसालेभात उरतो, जिलेबी मात्र मोजून परत जाते. ठरलेल्या पानांत वाढप्यांची पानं धरलेली नाहीत ना, हे आधीच विचारून घ्या. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी शेवटी पत्रावळ्या मोजल्या आणि तीस जास्त निघाल्या म्हणून केटररला धारेवर धरलं. पोरं जेवली होती.

बायकांचं वेगळं. हल्ली वेलकम ड्रिंकला नऊवारी, नथ आणि खोपा घातलेल्या मुली उभ्या करतात. थीम म्हणतात त्याला. तीन तास ट्रे हातात धरून हसायचं, आणि आलेल्यांपैकी दोघेतिघे त्यांच्याबरोबर सेल्फी काढून जातात. तुम्हाला त्याचे जास्त पैसे पडत नाहीत, निश्चिंत राहा. त्यांना कपडे बदलायला जनरेटरच्या मागे जागा आहे. एखादीनं टेकायला खुर्ची मागितली तर सांगा, खुर्च्या पाहुण्यांच्या आहेत. केरळात दुकानांतल्या बायकांनी बसायला मिळावं म्हणून आंदोलनं केली आणि 2018 मध्ये तिथल्या सरकारनं बसण्याचा हक्क कायद्यात घातला. तमिळनाडूनं 2021 मध्ये तेच केलं. ही माहिती तुमच्यापाशीच ठेवा. आणि मागे मोरीवर भांडी घासणाऱ्या मावश्यांना पोरांपेक्षा कमी देतात, कारण म्हणे त्या बसून काम करतात. समान कामाला समान मोबदल्याचा कायदा 1976 मध्येच झाला होता. तो वाचलेला मुकादम मला अजून भेटायचा आहे.

पाकिटांची गंमत तर बघा. भटजींचं पाकीट, सनईवाल्यांचं पाकीट, बूट लपवणाऱ्या मेव्हणीचं पाकीट, त्यातही घासाघीस होते पण मिळतं. वाढप्यांचं पाकीट सगळ्यांच्या वतीनं कॅप्टनच्या हातात द्या आणि 'सगळ्यांना वाटा हं' असं चारचौघांत म्हणा. पुढे काय होतं ते बघायला थांबू नका, पाठवणीची वेळ झालेली असते.

एवढं करूनही घरातला एखादा कॉलेजकुमार विचारेल, 'बाबा, हे पैसे फार कमी नाहीत का?' याचं उत्तर तयार ठेवा: पोरं स्वतःहून येतात, कुणी ओढून आणत नाही. हे उत्तर चारचौघांत चालतं. कोर्टात मात्र चालत नाही. 1982 मध्ये दिल्लीच्या एशियाड क्रीडास्पर्धांसाठीच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलं की किमान वेतनाहून कमी पैशात करवून घेतलेलं काम ही वेठबिगारीच, कारण माणसाला त्या दरावर राजी करणारी भूक हीसुद्धा जबरदस्तीच आहे. म्हणजे 'तो तयार होता' हा बचाव त्याच वर्षी निकालात निघाला. आता तर वेतन संहिता आली आहे, 2019 साली मंजूर झालेली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू. तीत रोजंदारीवाल्याचे पैसे पाळी संपताच द्यायचे, असं चक्क लिहिलं आहे. पाळी संपताच! मुकादमाला हे सांगितलंत तर तो इतका हसेल की त्याच्या तोंडातला तंबाखू सांडेल. त्याच्याकडे वेतन देण्याचा दिवस 'पुढच्या लग्नाला' हा असतो, म्हणजे पोरगा पुढच्या लग्नालाही येतो.

आणि पुढचं लग्न पंचांगात. तुळशीचं लग्न लागलं की पोरांना कामं लागतात, पौषात थांबतात, मग मे महिन्यात दिवसाला दोन-दोन मुहूर्त. आषाढी एकादशीला देव झोपतात, ते कार्तिकीला उठेपर्यंत यांनी काय करायचं याबद्दल शास्त्रात काही सापडत नाही. कुणी गवंड्याच्या हाताखाली जातो, कुणी गणपतीत मांडव बांधतो, कुणी गावी जातो आणि मुकादमाकडून उचल घेऊन जातो. ही उचल म्हणजे पुढच्या हंगामाची हमी, मुकादमाच्या बाजूनं.

एक धोका तेवढा सांगून ठेवतो. याच महाराष्ट्रात पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालांचाही एके काळी नुसता आकडाच होता. ते एकत्र आले, भांडले आणि 1969 मध्ये माथाडी कायदा घेऊन गेले. नोंदणी, मंडळ, भविष्य निर्वाह निधी, सगळं मिळालं. तेही रोज वेगवेगळ्या मालकाकडे काम करत होते, तेही 'कुणाचेच नाहीत' असेच होते. तेव्हा मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला तीस पोरं बराच वेळ एकत्र बसलेली दिसली तर लगेच दुसरी पंगत बसवा.

लग्न पार पडलं की केटररचे तीस टक्के दाबून ठेवा. तो फोन करेल. मठ्ठा पातळ होता म्हणा. पुन्हा करेल, आमच्याकडच्या काकूंना जिलेबी गार मिळाली म्हणा. तो मुकादमाला सांगेल आणि मुकादम पोरांना सांगेल, 'पार्टीनं पैसे दिले नाहीत.' पोरं विचारतील, कोण पार्टी? तोवर तुम्ही सत्यनारायणाच्या जेवणाचं ठरवायला बसलेले असाल. शंभरच पानं आहेत. आत्याच्या यजमानांना निरोप धाडा, दहा रुपये तर सहज सुटतील.