४१७ मुलांसाठी तेरा वर्षं
मुलांच्या रक्ताच्या गुठळीवर औषध सहा आठवडे द्यावं की तीन महिने, हे तपासणाऱ्या ‘किड्स-डॉट’ चाचणीवरच्या तुमच्या लेखात, तिला २००८ ते २०२१ इतका वेळ लागला म्हणून नाराजी दिसते. मला उलट वाटतं. लहान मुलांत रक्ताची गुठळी होणं मुळात दुर्मीळ. जिथे होते तिथे बहुतेकदा कारण असतं ती उपचारांसाठीच मोठ्या शिरेत घातलेली नळी, म्हणजे सेंट्रल लाइन. एका इस्पितळात असे रुग्ण जमणार किती? ५ देशांतली ४२ केंद्रं मिळून ४१७ रुग्ण झाले, तेही वयोमर्यादा २१ वर्षांपर्यंत ताणून! पण निष्कर्ष मोलाचा निघाला: ठरावीक तात्पुरत्या कारणाने गुठळी झाली असेल आणि सहा आठवड्यांनी तिने शीर पूर्ण बंद केलेली नसेल, तर रक्त पातळ करणारं औषध सहा आठवडे पुरतं, तीन महिने देण्याची गरज बहुतेकांना नाही.

औषधाचे सहा आठवडे वाचणं म्हणजे काय, ते घरच्यांना विचारा. आमच्या भाचीला रक्त पातळ करणाऱ्या हेपरिनची इंजेक्शनं सकाळ-संध्याकाळ असायची. तिसऱ्या दिवसापासून घड्याळात आठ वाजले की पोर पलंगाखाली. त्याऐवजी वॉरफरिन हे तोंडाने घ्यायचं औषध द्यावं तर सारखं रक्त तपासा, पालेभाजी बेतानं द्या.

एक भर घालतो. २८ देशांतल्या १०७ इस्पितळांत ५०० मुलांवर रिव्हरॉक्सबान या रक्त पातळ करणाऱ्या, तोंडाने घ्यायच्या औषधाची चाचणी झाली, २०२० साली प्रसिद्धही झाली. त्यासाठी औषध द्रवरूपात बनवलं, वजनाप्रमाणे मोजून पाजता येईल असं. मोठ्यांची गोळी अर्धी मोडून अंदाजाने देण्यापेक्षा केव्हाही बरं. लेखात याचा उल्लेख हवा होता.