‘आज्ञाधारक मुलं हवीत’ या आरोपाला माझं उत्तर

नमस्कार.

मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी एक अक्षरही न गाळता तशीच ठेवली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. राग, मत्सर, अंधाराची भीती, आपली वस्तू दुसऱ्याला देणं, माफी मागणं अशा गोष्टी चित्रपुस्तकांमधून लहान मुलांपर्यंत हळुवारपणे कशा पोचतात, यावर मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की अशी पुस्तकं म्हणजे साखर लावलेली कडू गोळी आहे, मुलांना आतला उपदेश लगेच कळतो आणि ती पुस्तक बाजूला सारतात. प्राण्यांच्या गोष्टींतून मुलं काही शिकत नाहीत असं संशोधनात दिसलंय, हल्लीची चित्रं सगळी एकाच साच्यातली असतात, आणि खरं चांगलं पुस्तक काही शिकवतच नाही, त्यासाठी मी मॉरिस सेंडॅक हा अमेरिकन चित्रपुस्तककार वाचावा. शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘तुमच्यासारख्या लोकांना मुलं नको असतात, आज्ञाधारक मुलं हवी असतात.’

या शेवटच्या वाक्याने मी दुखावले, हे सरळ सांगते. मतभेदाचं मला काही वाटत नाही. पुस्तकांवर लिहायचं म्हटल्यावर कोणी तरी ‘मला नाही पटलं’ म्हणणारच, आणि म्हणावंच. पण ज्या बाईला तुम्ही कधी भेटला नाहीत, तिने मुलांमध्ये किती काळ काढला आणि कसा काढला हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी एका ओळीत तिच्या हेतूवर शिक्का मारायचा, ही कुठली रीत? तुम्ही फक्त पुस्तकांबद्दल बोलला असतात, तर हे उत्तर चार ओळींत संपलं असतं.

एक गोष्ट मला मान्य आहे. काही पुस्तकांच्या शेवटच्या पानावर तात्पर्य ठळक अक्षरांत छापलेलं असतं, त्याखाली पालकांसाठी प्रश्नही असतात. ते पान मलाही नको वाटतं. मोठ्याने वाचताना मी ते उलटून पुढे जाते. एवढ्यापुरतं तुमचं बरोबर आहे.

आता त्या वाक्याकडे येते.

आज्ञाधारक मूल म्हणजे काय असतं हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही, कारण ते मूल मीच होते. आमच्या घरी गोष्ट हा शिक्षेचाच एक प्रकार होता. दिवसा काही चुकलं की रात्री तशीच चूक करणाऱ्या मुलीची गोष्ट ऐकवली जायची आणि त्या मुलीचं शेवटी काही तरी भयंकर व्हायचं. ती जंगलात हरवायची, नाही तर कायमची मुकी व्हायची. सांगणाऱ्या माणसाचं माझ्यावर प्रेम होतं, यात मला शंका नाही. पण त्या गोष्टींनी मी चांगली झाले नाही, लपवाछपवीत तरबेज झाले. फुटलेली वस्तू कुठे दडवायची, रडलेले डोळे कसे धुवायचे, विचारल्यावर चेहरा कसा ठेवायचा, हे सगळं मी शाळेत जायच्या आधी शिकले होते. बाहेरून पाहणाऱ्याला मी गुणी मुलगी वाटायचे. म्हणून आज कोणी मला म्हणालं की मला आज्ञाधारक मुलं हवीत, तर मला संताप येतो, आणि तो मी लपवणार नाही.

धाकाची पुस्तकं काही आमच्याच घराची मक्तेदारी नव्हती. हाइन्रिश हॉफमान या फ्रँकफर्टच्या डॉक्टरांनी आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी स्वतः चित्रं काढून एक वही तयार केली होती. ती 1845 मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली आणि पुढे ‘श्ट्रुवेलपेटर’ या नावाने जगभर गेली. त्यात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे शिंपी भल्यामोठ्या कात्रीने कापून टाकतो. सूप नको म्हणणारा मुलगा दिवसेंदिवस वाळत जातो आणि पाचव्या दिवशी मरतो. काड्यापेटीशी खेळणाऱ्या मुलीची राख होते. त्यात अतिशयोक्तीची गंमत आहे असं सांगणारे अभ्यासक आहेत, मोठ्या वाचकाला ती दिसतही असेल. पण अंथरुणात पडून ऐकणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला आधी कात्री दिसते. उपदेशाचं पुस्तक म्हणून ज्यावर तुटून पडायचं, ते हे. मी ज्या पुस्तकांबद्दल लिहिलं ती याच परंपरेशी भांडून उभी राहिली आहेत, आणि तुम्ही दोन्हींना एकाच दावणीला बांधलंत.

धाक आणि हळुवारपणा यांत परिणामाचाही फरक पडतो. मानसशास्त्रज्ञ कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. तीन ते सात वर्षांच्या मुलांना एका खेळण्याकडे वळून बघू नका असं सांगून खोलीत एकटं ठेवलं. साहजिकच पुष्कळांनी बघितलं. मग त्यांना एक गोष्ट ऐकवली आणि विचारलं, बघितलंस का? ‘लांडगा आला रे’ ऐकलेल्या मुलांत आणि खोटं बोलल्यावर नाक लांब होणाऱ्या पिनोकियो या लाकडी बाहुल्याची गोष्ट ऐकलेल्या मुलांत खरं बोलण्याचं प्रमाण वाढलं नाही. या दोन्ही गोष्टींत खोट्याची शिक्षा आहे. जॉर्ज वॉशिंग्टनने चेरीचं झाड तोडल्याचं कबूल केलं आणि वडिलांनी त्याच्या खरेपणाचं कौतुक केलं, ही गोष्ट ऐकलेली मुलं मात्र जास्त खरं बोलली. त्या गोष्टीचा शेवट बदलून तो खोटं बोलला आणि त्याला शिक्षा झाली असा केला, तेव्हा तो परिणाम गेला. हा अभ्यास सांगितलेल्या गोष्टींवरचा आहे, चित्रपुस्तकांवरचा नाही, हे मला माहीत आहे. पण मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला माझ्या दडवलेल्या फुटक्या वस्तू आठवल्या. खरं बोलून बाहेर पडायला वाट आहे हे मला कोणत्याच गोष्टीने दाखवलं नव्हतं.

तुम्ही असंही सुचवलंत की आमच्यासारख्यांना मुलांपेक्षा पालकांना खूश ठेवायचं असतं. मी बरीच वर्षं बालवर्गाला शिकवलं आहे. वर्गात एक मुलगा होता, राग आला की चावायचा. शेजारच्याला, मला, कधी स्वतःच्या मनगटाला. आमच्याकडे एक पुस्तक होतं, त्यात एका छोट्या मुलाचा राग लाल रंगाने दाखवलेला होता. आधी कोपऱ्यात ठिपका, मग पानागणिक वाढत वाढत दोन्ही पानं भरून फक्त लाल, एकही शब्द नाही. पुढे तो हळूहळू विरत जातो. हा मुलगा त्या भरलेल्या लाल पानावर थांबायचा आणि पुढचं पान उलटू द्यायचा नाही. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचे. शांत झालेल्या मुलाचं पान त्याला दाखवायची मला घाई नव्हती.

तो शहाणा झाला नाही. त्यानंतरही चावला. पण एकदा वर्गात भांडण झालं तेव्हा तो कपाटाकडे धावला, ते पुस्तक काढून लाल पान माझ्यासमोर उघडून धरलं आणि थरथरत उभा राहिला. आपल्या आत काय चाललंय हे त्याने मला पहिल्यांदाच सांगितलं होतं, एक शब्द न बोलता. यात आज्ञाधारकपणा कुठे दिसतो तुम्हाला? त्यानंतर पालकांच्या बैठकीत मागणी झाली की हे पुस्तक वर्गातून काढा, यातून मुलं रागवायला शिकतील. वरूनही मला तसंच सांगण्यात आलं. मी ते काढलं नाही आणि त्याची किंमत मोजली. पालकांना खूश ठेवायचं असतं तर तेव्हाच ठेवलं असतं. हे तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. पण माहीत नसताना बोलू नये, एवढी अपेक्षा मी नक्कीच करू शकते.

सेंडॅकबद्दल. ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ 1963 मध्ये आलं, 1964 मध्ये त्याला कॅल्डेकॉट पदक, म्हणजे चित्रपुस्तकातल्या चित्रांसाठीचा अमेरिकेतला मोठा पुरस्कार, मिळालं, आणि तुम्ही ते माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडता, याचं मला आश्चर्य वाटतं. लांडग्याचा वेष घातलेला मॅक्स घरभर दंगा करतो, आईवर ओरडतो, उपाशीपोटी खोलीत पाठवला जातो. खोलीचं जंगल होतं. सुरुवातीची छोटी चित्रं पानागणिक मोठी होत जातात, कोऱ्या कडा खात जातात, आणि राक्षसांच्या धिंगाण्याच्या तीन जोडपानांवर शब्दच उरत नाहीत. मग त्याला एकटं वाटतं, तो परत येतो आणि खोलीत त्याचं जेवण ठेवलेलं असतं, अजून गरम. आई एकाही चित्रात दिसत नाही, आणि सगळ्या पुस्तकात मिळून शब्द साडेतीनशेहून कमी. हे पुस्तक काही शिकवत नाही? तू कितीही रागावलास तरी तुला परत येता येतं, आणि आल्यावर तुझ्यासाठी काही तरी राखून ठेवलेलं असतं, हे त्याने पिढ्यान्पिढ्यांच्या मुलांना शिकवलंय. हळुवार शिकवण म्हणून मी ज्याबद्दल लिहिते ती नेमकी हीच, आणि याहून चांगलं उदाहरण मला देता येणार नाही.

तुमची अडचण कदाचित अशी असेल की तुम्ही ही पुस्तकं शब्दांमधून वाचता. मोठी माणसं तशीच वाचतात. वाचता न येणारं मूल तसं वाचत नाही. मुलांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपून 2005 मध्ये झालेल्या एका अभ्यासात दिसलं की चार वर्षांच्या आसपासच्या मुलांना पुस्तक वाचून दाखवताना त्यांची नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रांवर असते, अक्षरांकडे ती क्वचितच बघतात. म्हणजे आपण वाक्य वाचत असतो तेव्हा मूल पाठमोऱ्या सशाच्या खाली आलेल्या खांद्यांकडे बघत असतं. तुम्ही ज्या वाक्याला उपदेश म्हणता ते त्याच्या कानावरून जातं, आणि सशाला वाईट वाटलंय हे त्याला आपल्या आधी कळलेलं असतं.

चित्रपुस्तक बहुतेक वेळा 32 पानांचं असतं. मोठा कागद छापून दुमडला की पानं आठाच्या, सोळाच्या पटीत पडतात, म्हणून हा आकडा. शीर्षकाची वगैरे पानं वगळली तर गोष्टीला बारा ते चौदा जोडपानं उरतात. एवढ्या जागेत प्रवचन देणाऱ्याचं पुस्तक फसतं, हे खरं. पण ज्याला जमतं तो पान उलटण्याच्या क्षणावर सगळं काम करून घेतो. धक्का देऊन मित्राला पाडलेलं एक मूल उजव्या पानावर, आणि पुढे काय झालं ते पान उलटल्यावर. त्या मधल्या क्षणात मूल स्वतः ठरवतं की आता काय व्हायला हवं. काही मुलं ओरडून सांगतात, काही माझा हात धरून ठेवतात. तिथे त्यांच्यावर कोणी काही लादत नसतं. सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडतं, आणि एकदा नाही, रोज. त्याच पुस्तकासाठी पुन्हा पुन्हा हट्ट होतो, शिवण उसवेपर्यंत. मुलं ही पुस्तकं बाजूला सारतात असं तुम्ही लिहिलंत. कोणती मुलं, कोणती पुस्तकं आणि वाचून कोण दाखवत होतं, हेही लिहायला हवं होतं.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. प्राण्यांच्या गोष्टीनंतर मुलांनी कमी स्टिकर वाटले आणि माणसांच्या गोष्टीनंतर जास्त, हा टोरोंटोचा अभ्यास मी वाचला आहे. एक पुस्तक, एकदाच वाचलेलं, लगेच मोजलेलं. त्यावरून ससे-अस्वलांची सगळी पुस्तकं मोडीत काढायला मी तयार नाही. चित्रं एकसारखी झाली आहेत ही तक्रार चित्रकारांशी बोलायची आहे, माझ्याशी नाही. आणि चमकते खवले वाटून टाकणाऱ्या माशाच्या ‘द रेनबो फिश’ या पुस्तकाचा तुम्ही जाताजाता उल्लेख केलात, त्यावर माझंही मत फारसं चांगलं नाही, पण तो वेगळा विषय आहे.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. पुढचा लेख घरातल्या कोणाचा तरी मृत्यू झाल्यावर मुलांबरोबर वाचायच्या पुस्तकांवर असेल, आणि तीही हळुवारच असतील. तिथे एखादं पुस्तक तुम्हाला खोटं वाटलं, तर त्याचं नाव घेऊन, पान दाखवून लिहा. मी उत्तर देईन. माझ्या हेतूंबद्दल पुन्हा लिहिलंत तर देणार नाही.