कंस काढ!

विरार फास्टमध्ये अंधेरीला कसाबसा घुसलो, एक हात कडीला, दुसऱ्यावर कुणाचा तरी डबा, की फोन वाजतोच.

"दादा, कमांड चालत नाहीये."

"काय टाइप केलंस?"

"मॅन्युअलमध्ये आहे तेच!"

हे 'तेच' ऐकलं की पोटात गोळा येतो. मॅन्युअलमध्ये < > अशा कोनी कंसात 'फाइलचं नाव' लिहिलेलं असतं, म्हणजे तिथे आपल्या फाइलचं नाव घालायचं; आणि आमचा ऑफिसातला पोरगा इतका प्रामाणिक, की कंसासकट चिकटवतो. लिनक्सच्या शेलला, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, मात्र तो कंस दिसतच नाही. डावीकडचं चिन्ह म्हणजे 'या फाइलीतून वाच', उजवीकडचं म्हणजे 'पुढच्या फाइलीत लिही'. बहुतेकदा एरर येते, देव पावतो. पण कंसातल्या नावाची फाइल खरंच निघाली, तर कंसानंतर जिचं नाव लिहिलंय ती बिचारी कोरी होते. विचारणं नाही, पुसणं नाही. मी भर गर्दीत ओरडतो, "कंस काढ रे, कंस!" शेजारचे काका गोकुळाष्टमीचा हिशोब करू लागतात.

जे अडतं त्याचं मला एवढं भय नाही. जे बिनबोभाट चालतं ते भयंकर. सेटिंगच्या नमुना फाइलीत पासवर्ड असतो 'चेंजमी'. सिस्टीम सुरू होते, साहेब खूश होतात आणि 'चेंजमी' आमच्या गॅलरीवरच्या तात्पुरत्या ताडपत्रीसारखा वर्षानुवर्षं टिकतो. त्यापेक्षा जागा रिकामी ठेवावी आणि ती भरल्याशिवाय प्रोग्रॅमने उठूच नये.

इंटरनेटवरच्या पत्त्यांचीही तीच तऱ्हा. उदाहरणात वापरायला 'एक्झाम्पल डॉट कॉम' १९९९ सालीच आरएफसी २६०६ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकवार दस्तऐवज) राखून ठेवलंय. १९२.०.२ ने सुरू होणारे आयपी पत्तेही, म्हणजे कॉम्प्युटरचे आकडी पत्ते, याच कामासाठी आहेत, हे आरएफसी ५७३७ ने २०१० मध्ये पुन्हा बजावलं. फुकट आहेत हो! तरी आमच्याकडे हटकून 'टेस्ट डॉट कॉम'. ते कुणाचं तरी खरंखुरं डोमेन आहे, आपल्या चाचणीच्या मेल तिकडे जातील, हे सांगून माझा घसा बसलाय.

परवा पोरगा म्हणाला, "दादा, आता मी नमुन्यातच डेटाबेसचं नाव 'हे_बदला_नाहीतर_चालणार_नाही' ठेवलंय."

"शाब्बास! मग?"

"क्लायंटने बदललं नाही. त्या नावाचा डेटाबेस आपोआप तयार झाला. गेल्या महिन्यापासून मस्त चाललंय."