अडकलेल्या उघराणीवरच्या त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

बडोद्याच्या मराठी उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. मकरपुरा जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीपासून पोर आणि वाघोडियापर्यंत, ज्याची उघराणी अडकली आहे त्याला कोणी ना कोणी तो पाठवतंच. मेसेज थोडक्यात असा: लेखी करार नसेल तर कोर्टात काही चालत नाही. सरळ पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्या. दर सहा महिन्यांनी नोटीस पाठवत राहा, म्हणजे मुदत संपत नाही. सिक्युरिटीचा चेक निरुपयोगी, त्यावर केस होत नाही. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून टाका, सरकार ४५ दिवसांत पैसे मिळवून देतं. नाहीच जमलं तर एनसीएलटीची (कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणाची) नोटीस द्या, पार्टी घाबरते. आणि दावा मात्र कधीच दाखल करू नका, त्यात आयुष्य जातं.

मी इथल्या छोट्या युनिटांचे हिशेब पाहते. हा मेसेज ज्यांच्यापर्यंत पोचतो त्यांना पाच-सात लाखांची तूट सोसण्यासारखी नसते. बिल फाडलं की पार्टीनं पैसे देवोत न देवोत, जीएसटी आपल्या खिशातून भरावा लागतो. पगार आणि लाइट बिल थांबत नाहीत. अशा माणसाला चुकीचा सल्ला देणं मला साधी गोष्ट वाटत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेते.

सर्वांत जास्त नुकसान नोटिशीच्या सल्ल्यानं होतं. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार विकलेल्या मालाच्या किंवा केलेल्या कामाच्या पैशांसाठी दावा करायला तीन वर्षं मिळतात. उधारीचे दिवस ठरलेले असतील तर ते संपल्यापासून, नसतील तर माल दिल्यापासून किंवा काम पुरं झाल्यापासून. तुमच्या नोटिशीनं, मग ती वकिलाच्या लेटरहेडवर का असेना, ही मुदत एका दिवसानंही वाढत नाही. ती वाढते समोरच्याच्या कृतीनं. मुदत संपण्याआधी त्यानं देणं लेखी, सही करून मान्य केलं (कलम १८), किंवा काही रक्कम दिली आणि त्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात वा सहीनिशी असली (कलम १९), तर त्या दिवसापासून तीन वर्षं नव्यानं सुरू होतात. चेकनं आलेला हप्ता म्हणूनच सोयीचा, त्यावर सही असते. पैसे ऑनलाइन आले तर ते कोणत्या बिलापोटी दिले, हे त्याच्याकडून लेखी मागून घ्या.

मुदत उलटल्यावर आलेली कबुली या दोन्ही कलमांत बसत नाही. मग आधार उरतो तो करार कायद्याच्या कलम २५(३) चा, आणि त्याला मुदत गेलेलं देणं फेडण्याचं सही केलेलं लेखी वचन लागतं. ‘बघू, दिवाळीनंतर करू’ हे वचन नव्हे.

इथेच आणखी एक गैरसमज मला वारंवार दिसतो. पार्टीशी व्यवहार चालू आहे, गेल्या महिन्यातच माल गेला, म्हणजे अख्खं खातं जिवंत आहे असं लोक धरून चालतात. परस्पर खात्याला, म्हणजे दोन्हीकडून येणं-देणं तयार होत असतं तिथे, वेगळा नियम आहे. तुम्ही नुसता माल देता आणि तो नुसते पैसे देतो, तर प्रत्येक बिलाची मुदत स्वतंत्र चालते. आलेली रक्कम कोणत्या बिलाची हे पार्टीनं सांगितलं नसेल, तर करार कायद्याचं कलम ६० ती जुन्या, अगदी मुदतबाह्य बिलातही जमा करायचा हक्क तुम्हाला देतं. नवी बिलं त्यामुळे मुदतीत उभी राहतात. दर मार्चअखेर खातेउतारा पाठवून त्यावर सही-शिक्का घ्यायचा कंटाळा कृपा करून करू नका. पार्टी कंपनी असेल तर तिचा ताळेबंदही पाहा. ताळेबंदातली नोंद देण्याची कबुली ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये म्हटलं आहे.

लेखी करार नाही म्हणून हातपाय गाळणारे तर रोज भेटतात. तोंडी करार आपल्याकडे वैधच आहे, प्रश्न तो सिद्ध करण्याचा. आणि पुरावा तुमच्या फायलीत असतोच: पर्चेस ऑर्डर, पोच घेतलेलं डिलिव्हरी चलन, ई-वे बिल (माल वाहतुकीचं जीएसटीचं ऑनलाइन पत्रक), तुमच्या जीएसटीआर-१ मधली, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्रातली नोंद. त्या बिलावर समोरच्यानं इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) घेतलं असेल तर ‘माल मिळालाच नाही’ हे त्याला कोणत्या तोंडानं म्हणता येईल? शिवाय १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं, याची आठवण त्याच्या अकाउंटंटला जरूर करून द्या. व्हॉट्सॲपवरचे निरोपही पुराव्यात चालतात, पण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यांना प्रमाणपत्र जोडावं लागतं. जुना फोन विकण्याआधी हे लक्षात ठेवा.

पोलिसांचा मार्ग. फसवणुकीचं कलम आता ४२० राहिलेलं नाही. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) आहे. आकडा बदलला तरी कसोटी तीच राहिली: व्यवहार करतानाच बुडवायचा हेतू होता का? नंतर पैसे दिले नाहीत एवढ्यानं फसवणूक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं अनेकदा सांगितलं आहे आणि दिवाणी वादाला फौजदारी रूप द्यायच्या सवयीवर ताशेरेही ओढले आहेत. खोटा जीएसटी नंबर, बनावट पर्चेस ऑर्डर, माल उचलून पत्त्यावरून गायब, असं काही असेल तर जरूर पोलिसांत जा. पण ठाण्यात पडलेला अर्ज मुदत कायद्याचे दिवस थांबवत नाही. अर्जाच्या भरवशावर दोन वर्षं बसून राहिलेला माणूस शेवटी दावाही गमावतो.

चेकबद्दलचं विधान नुसतं चुकीचं नाही, उलटं आहे. सिक्युरिटी म्हणून दिलेला चेकही, तो बँकेत भरला त्या दिवशी देणं खरोखर बाकी असेल, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ मध्ये, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्यात, येतो. सही करून कोरा दिलेला चेकसुद्धा ‘चेक देण्यापोटीच दिला’ या कायद्याच्या गृहीतकातून सुटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं. खरी अडचण तारखांची असते. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो भरायचा. परत आल्याची खबर बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस. ते संपल्यावर एका महिन्यात तक्रार. तक्रारीला झालेला उशीर सबळ कारण असेल तर न्यायालय माफ करू शकतं, नोटिशीचा नाही. चेकची वैधता शिल्लक असेल तर तो पुन्हा भरून नव्यानं नोटीस देता येते, एवढीच वाट असते.

नोटिशीत मागणी चेकच्याच रकमेची असावी, ती आकड्यानिशी तपासा. चेक घेतल्यानंतर मधे काही पैसे आले असतील तर जास्तच जपा. गुजरातमधल्याच एका प्रकरणात चेक २० लाखांचा होता, मधल्या काळात ४ लाखांहून जास्त रक्कम फेडली गेली होती, तरी चेक पूर्ण रकमेसाठी भरला गेला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तिथे १३८ चा गुन्हा होत नाही. आलेल्या पैशांची नोंद चेकवर करून उरलेल्या रकमेसाठीच तो भरायला हवा होता. रीतसर पुढे गेलेल्या खटल्यात मात्र जोर आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि २०१८ पासून खटला चालू असतानाच चेकच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई मागायची सोय. चेक तुम्ही खात्यात भरला असेल तर खटला तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात चालतो. पार्टी कोइमतूरची असली तरी तारखांना तिनं बडोद्याला यायचं.

उद्यम नोंदणीबद्दल मेसेजात अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं माणसाला खड्ड्यात घालतं. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना खरोखर भक्कम संरक्षण आहे. लेखी ठरलं असेल त्या तारखेला, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. काहीच ठरलं नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक रेट ६ टक्के धरला तर १८ टक्के. पर्चेस ऑर्डरवर खरेदीदारानं ‘९० दिवस’ छापलं तरी कायद्यापुढे ते टिकत नाही. मालात खोट असेल तर माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घ्यायची. नाही घेतली तर माल स्वीकारला असं धरलं जातं. पैसे मागितल्यावर आठ महिन्यांनी ‘रिजेक्शन’ आठवणाऱ्या पार्ट्यांना हे कलम दाखवा.

पण ४५ दिवस ही खरेदीदाराची मुदत आहे, सरकारनं पैसे आणून द्यायची नव्हे. पैसे आले नाहीत तर तुम्ही सुविधा परिषदेकडे, म्हणजे याच कायद्याखाली अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या मंडळाकडे, जायचं. तिथे आधी समेट, तो फिसकटला तर लवाद. कायद्यात ९० दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतील अशीच तयारी ठेवा. तरीही मी हा मार्ग जोरानं सुचवते. परिषद तुमच्या ठिकाणची असते, खरेदीदार देशात कुठेही असो. आणि निवाड्याविरुद्ध न्यायालयात जायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. वेळकाढूपणाचा सगळा फायदा तिथे संपतो.

मग खड्डा कुठे? एक, मध्यम उद्योगांना ही तरतूद नाही. दोन, रावपुऱ्यात किंवा मंगळबाजारात नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यानं हिच्यावर विसंबू नये. २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. तीन, आणि सर्वांत महत्त्वाचं: पैसे अडकल्यावर नोंदणी करून मागच्या बिलांवर हक्क सांगता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ आणि २०२२ च्या निकालांत म्हटलं. २०२५ मध्ये हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला, पण त्या आशेवर बसू नका. ज्यांची नोंदणी नाही त्यांनी ती आज करावी, पुढच्या बिलांसाठी.

एनसीएलटीचं थोडक्यात. मार्च २०२० पासून किमान थकबाकी १ कोटीची लागते. पार्टी कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) हवी. प्रोप्रायटर आणि भागीदारी पेढी यांना तुम्ही तिथे खेचू शकत नाही. नोटिशीआधीच मालाबद्दल खरा वाद चालू असेल तर अर्ज फेटाळला जातो. आणि अर्ज मंजूर झाला तर त्या कंपनीविरुद्धचे तुमचेही दावे थांबतात, तुम्ही बँकांच्या मागे रांगेत उभे राहता. बारा लाखांसाठी अहमदाबादच्या खंडपीठाचं नाव घेऊन धमकावलं तर समोरच्याचा वकील ते पत्र बाजूला ठेवून देईल.

मेसेजमध्ये जॉबवर्क करणाऱ्यांच्या कामाची सर्वांत जुनी तरतूद मात्र नाही. प्लेटिंग, मशिनिंग, पावडर कोटिंग, जिथे माल पार्टीचा आणि मेहनत तुमची, तिथे करार कायद्याचं कलम १७० त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत तोच माल अडवून ठेवायचा हक्क देतं. कायद्यातच उदाहरणं आहेत: पैलू पाडायला आलेला हिरा जवाहिरा मजुरीसाठी अडवू शकतो, ज्या शिंप्यानं तीन महिन्यांची उधारी कबूल केली तो कोट अडवू शकत नाही. म्हणजे उधारी मान्य केली की हा हक्क गेला, आणि मागच्या बाकीसाठी नव्या लॉटचा माल अडवता येत नाही. अवघड पार्टीला उधारी देण्याआधी हे तोलून पाहा.

आता ‘दावा करू नका’. वेळ लागतो हे खरं आहे, मी नाकारणार नाही. पण ३ लाख आणि त्यावरचे व्यापारी वाद आता व्यावसायिक न्यायालयात जातात आणि तिथे वेळापत्रक कडक आहे. १२० दिवसांत लेखी जबाब आला नाही तर तो हक्कच संपतो. तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत होते, आणि तिच्यात गेलेले दिवस मुदतीत मोजले जात नाहीत. तिथे झालेल्या समझोत्याची अंमलबजावणी लवादाच्या निवाड्यासारखी करता येते. ठरावीक रक्कम लेखी करारावर येणं असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खाली समरी दावा करता येतो, ज्यात प्रतिवादीला बचाव मांडायला आधी परवानगी मागावी लागते. एक अट भागीदारांनी तपासावी: भागीदारी पेढी नोंदलेली नसेल तर १९३२ च्या कायद्याचं कलम ६९ तिला ग्राहकावर करारापोटी दावाच करू देत नाही. नोंदणी दाव्याआधी झालेली हवी.

दावा जिंकून हुकूमनामा (न्यायालयाचा निर्णायक आदेश) मिळाल्यावर वसुलीला १२ वर्षं असतात. ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा आहे त्याचं बँक खातं आणि यंत्रं जप्त करता येतात, आणि त्याला तिसऱ्याकडून येणं असेल तर तेही: त्याचा माल घेणाऱ्या कंपनीला न्यायालय सांगू शकतं की पैसे त्याला न देता इथे भरा. त्यासाठी तो माल कोणाला पुरवतो, त्याचं खातं कोणत्या शाखेत आहे, हे माहीत असावं लागतं. त्याच्या प्रत्येक जुन्या चेकची झेरॉक्स, जीएसटी नंबर आणि गाडीवाल्यांकडून कळलेली त्याच्या गिऱ्हाइकांची नावं व्यवहार गोडीत असतानाच फायलीला लावून ठेवा.