तो काही करत नाही हो!

आमच्या कॉलनीत हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं की आता त्याची पाटीच करून गेटवर लावावी. समोरून जर्मन शेफर्ड सुसाट येतोय, त्याच्या मागे लॅब्रेडॉर, त्या दोघांच्या बरेच मागे काका. आणि पट्टा? तो काकांच्या खांद्यावर, उपरण्यासारखा. तिथूनच ओरडतात, "घाबरू नका, काही करत नाही तो!"

अहो काका, हे तुम्हाला ठाऊक. माझ्या अंगावर चाळीस किलोचा प्राणी उडी घेतोय, त्याच्या मनात काय आहे ते मला कुठून कळणार?

"तुम्हाला कुत्री आवडत नाहीत" असं कोणी म्हणायच्या आत सांगते, आमच्याकडे बंड्या आहे. गावठी, जरा तिरसट, घरातल्या सोफ्याचा मालक. पण पट्टा घातल्याशिवाय गेटबाहेर पाऊल नाही. आणि खरं तर बंड्यामुळेच माझा वैताग जास्त आहे. बांधलेल्या कुत्र्यावर दोन मोकळी कुत्री चाल करून आली की त्याला पळायला वाव नसतो, म्हणून ते आधीच दात विचकतं, गुरगुरतं. मग लांबून काका म्हणणार, "तुमचाच जरा रागीट दिसतोय हं." काय बोलायचं!

पण माझं सोडा. मी भांडू शकते. ज्यांना भांडता येत नाही त्यांचं काय, हे कोणी बघतच नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या पिशवीत कायम पारले-जीचा पुडा असतो. मला वाटायचं नातवासाठी असेल. एकदा सकाळी गच्चीतून पाहिलं. कोपऱ्यावर आल्या, पुडा फोडला, बिस्किटं रस्त्याच्या पलीकडे लांब भिरकावली आणि दोन्ही कुत्री तिकडे धावली तशा साडी गुडघ्यापर्यंत उचलून आमच्या गेटात शिरल्या. स्वतःच्या पैशाचा पुडा! "त्यांना सांगत का नाही?" म्हटलं, तर म्हणाल्या, "ताई, त्यांची भांडी पण मीच घासते ना." विषय संपला.

पार्सलवाली पोरं कोपऱ्यावरूनच फोन करतात, मॅडम, तुम्हीच या. पलीकडच्या गल्लीतले निवृत्त मास्तर गुडघ्याच्या ऑपरेशननंतर संध्याकाळी फिरायला लागले होते, तेही बंद झालं. त्यांना चावण्याची भीती नाहीये, पडण्याची आहे. कुत्रं लाडात येऊन अंगावर आलं तरी म्हातारं माणूस पडतंच. एकेक माणूस असा गुपचूप वेळ बदलतो, वाट बदलतो, आणि काकांना वाटतं, कुणालाच काही त्रास नाही!

ऑगस्ट २०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांवर सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आले तेव्हा आपल्या ग्रुपवर रणधुमाळी माजली होती. मुळात पहिला आदेश दिल्ली परिसरापुरता होता, पण इथे अर्धे एकीकडे, अर्धे दुसरीकडे. ज्या कुत्र्यांना मालक आहे, घर आहे, वाढदिवसाचा केकही आहे, त्यांच्याबद्दल मात्र सगळे चिडीचूप. कारण तिथे समोरच्याचं नाव माहीत असतं आणि दिवाळीला फराळाचं ताट जायचं असतं.

सेक्रेटरींकडे गेले तर म्हणाले, "वहिनी, नियम आपल्या हातात नाहीत, प्राणी कल्याण मंडळाचं पत्र आहे." आहेच. २०१५ चं आहे. सोसायटीला कुत्री पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, तोंडाला जाळी लावायची सक्ती करता येत नाही. पण त्याच मार्गदर्शक सूचनांत बाहेर नेताना पट्टा लावा असं मालकांना सांगितलंय. तेवढं वाचायचं राहून जातं.

आणि कायदा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चावायलाच हवं असंही त्यात नाही. जुन्या भारतीय दंड विधानात (भादंवि) हेच कलम २८९ होतं, दंड एक हजार.

कोर्टाचा वेग मात्र विचारू नका. मुंबईत वरळीच्या एका इमारतीत २०१८ मध्ये लिफ्टमध्ये हस्की शेजाऱ्याला चावला. मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली २०२५ मध्ये. नेपियन सी रोडवर २०१० मध्ये रॉटवायलर ७२ वर्षांच्या गृहस्थांना चावला, तिथे तीन महिन्यांची शिक्षा सुनावली २०२३ मध्ये. रॉटवायलर साधारण नऊ-दहा वर्षं जगतो. म्हणजे खटला कुत्र्याच्या आयुष्यापेक्षा लांब! म्हणून मला कोर्टात जायचं नाहीये, मला पट्टा हवाय.

मध्यंतरी पेपरवाल्या मुलाच्या पोटरीला दात लागले. काका म्हणाले, "लस टोचलीये त्याला, हळद लावून टाक." अजिबात नाही! हळद नाही, चुना नाही, तिखट नाही. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि तडक डॉक्टर. रेबीजची आता पोटात चौदा इंजेक्शनं नसतात, दंडात असतात, ठरलेल्या दिवशी, आणि ती सगळी पूर्ण करायची. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. पाळलेल्या कुत्र्याचं एक बरं, त्याला रेबीज तर नाही ना, हे बघायला त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवता येते, लसीचा कागद मागता येतो. मी मागितला. अजून "शोधतोय".

आता एक अप्रिय गोष्ट. ग्रुपवर नाही, पण खाजगीत मला एकाने लिहिलं, "काहीतरी खायला घालून प्रश्न मिटवा." त्यांना तिथेच झापलं. जनावराला विष घालणं हा न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी मी ऐकून घेतलं नसतं. त्या दोन कुत्र्यांचा काय दोष? सकाळी गेट उघडायचं, कुत्री बाहेर सोडायची, दुसऱ्याच्या दारात घाण करून आली की गेट लावायचं. यात कुत्र्यावरचं प्रेम कुठे आहे? फिरवायचा कंटाळा आहे, बाकी काही नाही. दिवसभर आखूड साखळीला बांधून ठेवा असंही मी म्हणत नाही, तीसुद्धा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने क्रूरताच आहे. त्याच कायद्यात बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणाऱ्या मालकालाही दोषी धरलंय. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास, हातात पट्टा, खिशात पिशवी. एवढंच मागणं आहे.

काकांशी बोलून झालंय, नीट, चहा घेत. म्हणाले, "बघतो." तेव्हा आता अर्ज लिहिलाय, एक प्रत काकांना, एक सोसायटीला, आणि गरज पडली तर एक पोलीस चौकीला. कुत्र्यांचा महापालिकेचा परवाना आहे का, तेही त्यात विचारलंय. तारीख दिसेल असे व्हिडिओ ज्यांच्याकडे आहेत त्यांनी मला पाठवा. सह्यांसाठी कागद रविवारी सकाळी माझ्याकडे असेल. मावशींची सही मी मागणार नाहीये, कारण वर सांगितलंय. तुमची मागणार आहे.