एकट्याने कॅम्परव्हॅन घेऊन निघालात, तर समुद्रकाठची टेकडी सकाळीच चढा

मत स्पष्टच सांगतो. समुद्रकाठच्या टेकडीवरून सूर्यास्त बघणं सुरेख असतं, पण व्हॅनमध्ये तुमची वाट बघणारं कुणी नसेल तर तो हट्ट सोडून द्या. सूर्यास्त माथ्यावर बघायचा म्हणजे उतरायचं अंधारात, आणि पाय घसरतात ते बहुतेक उतरतानाच. विषुववृत्ताच्या आसपास तर सूर्य बुडाल्यावर जेमतेम 20-25 मिनिटं पुरेसा उजेड राहतो. त्यानंतर हेडलॅम्पच्या प्रकाशात घसाऱ्यावर पाय टाका, खाली येऊन थकलेल्या अंगाने गाडी वळवा आणि रात्री मुक्कामाची जागा शोधा. हे सगळं एकट्याने.

"टेकडी तर आहे, 250 मीटरची!" हे वाक्य हमखास येतं. पण डोंगराळ भागात गाडी निम्मी उंची आधीच चढून गेलेली असते, इथे मोजणी शून्यापासून सुरू होते. 250 मीटर म्हणजे पूर्ण 250 मीटर. वेळेसाठी स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा 1892 सालचा नियम अजूनही चालतो: सपाटीवर 5 किलोमीटरला एक तास, त्यात दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. वाट 3 किलोमीटरची असेल तर 36 मिनिटं अधिक 25, म्हणजे साधारण तासभर. हा हिशेब न थांबता चालणाऱ्याचा आहे. एकट्याने दीडपट धरा, आणि तीव्र उतार असेल तर उतरायलाही तेवढाच वेळ धरा. परत फिरायची वेळ व्हॅनमध्ये बसूनच ठरवायची. माथा दहा मिनिटांवर दिसत असताना ती वेळ बदलायचा मोह होतो, म्हणून ती आधी कागदावर.

आता गाडी. वाळूवर नेऊ नका. ओहोटीच्या वेळी घट्ट वाटणारी ओली वाळू दोन-तीन टनांच्या व्हॅनखाली खचते आणि धक्का मारायला दुसरा माणूस नसतो. किनाऱ्यावर वाळलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची रेघ दिसते, तिथवर पाणी येऊन गेलेलं असतं. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, ते त्याही पुढे येऊ शकतं. त्या रेघेच्या बरंच वर, टणक जमिनीवर, तोंड बाहेरच्या दिशेने करून लावा. उतारावर नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नका: तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स, शिवाय चाकांना अडणी. गॅसचा कॉक सिलिंडरवर बंद, छताची खिडकी बंद. खाली झुळूक असताना उघडी ठेवलेली खिडकी दुपारच्या वाऱ्यात बिजागरीतून निखळते. किल्ली चेनच्या खिशात, तीही प्लास्टिकच्या पिशवीत, कारण खारं पाणी आणि इलेक्ट्रॉनिक किल्ली यांचं पटत नाही.

काचेवर "5 वाजता परत येतो" अशी चिठ्ठी लावायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो. मला तो अजिबात पटत नाही. गाडी 5 पर्यंत रिकामी आहे, हे चोराला सांगायची काय गरज? त्यापेक्षा एका जिवंत माणसाला मेसेज करा: गाडीचं लोकेशन, कुठली वाट, परतायची वेळ आणि त्या वेळेनंतर काय करायचं. "11 पर्यंत मेसेज नाही आला तर फोन कर, 12 पर्यंत लागला नाही तर बचाव पथकाला कळव," इतकं नेमकं. मोघम "जाऊन येतो"चा उपयोग शून्य. पायथ्याशी नेटवर्क मिळेलच असं नाही, म्हणून मेसेज रेंजमध्ये असतानाच पाठवायचा. शिट्टी जवळ ठेवा: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. हा मदतीचा आंतरराष्ट्रीय इशारा आहे.

खरा धोका कड्याच्या काठाशी. लाटा कड्याचा पाया कोरतात, वरचा भाग अधांतरी राहतो आणि त्यावर गवत इतकं छान वाढतं की खाली पोकळी आहे हे वरून कळतच नाही. काठाला समांतर भेग दिसली तर तिच्या अलीकडेच थांबा. भेग नसली तरी पाचेक मीटर अंतर ठेवा, पावसानंतर आणखी जास्त. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, आणि पायथ्यापेक्षा माथ्यावर तो जास्तच असतो. झोताने पाऊल भलतीकडे पडायला लागलं की धार सोडून आतल्या बाजूला यायचं.

सकाळच्या बाजूने बोलतोय म्हणून तिचे दोषही सांगतो. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे तुम्हाला काठाकडे ढकलणारा असतो. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यापेक्षा तो बहुधा मंद असतो, इतकंच. दवाने गवत आणि कातळ निसरडे असतात, त्यामुळे उजाडल्यावर थोडं थांबून निघालेलं बरं.

आणि धुकं. उबदार दमट हवा थंड पाण्यावर आली की समुद्रावर धुकं तयार होतं आणि काही मिनिटांत टेकडी गिळतं. अशा वेळी लाटांच्या आवाजावरून दिशा ठरवू नका, कड्यांवर आपटून तो फसवतो. चढण्यापूर्वीच होकायंत्रावर बघून ठेवा की समुद्रापासून दूर जाणारी दिशा कुठली. काहीच दिसेनासं झालं तर बसून राहा.

वाट किनाऱ्यालगतच्या खडकांवरून जात असेल तर भरतीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय पाय ठेवू नका. दोन भरत्यांमध्ये बहुतेक ठिकाणी सुमारे 12 तास 25 मिनिटं असतात, म्हणून कालची वेळ आज चालत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या साधारण सहा तासांत पाणी सर्वांत झपाट्याने चढतं ते मधल्या दोन तासांत, आणि नेमकं तेव्हाच "अजून वेळ आहे" असं वाटत असतं.

खाली आल्यावर आधी "पोहोचलो" असा मेसेज, मग बूट. क्लचवरचा पाय थरथरायचा थांबेपर्यंत, निदान अर्धा तास, गाडी सुरू करू नका.